प्रार्थना आणि पुढचा अहवाल

वाचकाचे पत्र: ‘माझा सत्ताविसावा आठवडा सुरू आहे. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाची डावी बाजू नीट वाढलेली नसल्याचे दिसले आणि नंतरच्या फीटल इकोमध्ये, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हृदयाच्या खास सोनोग्राफीत, हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट सिंड्रोम हे निदान पक्के झाले. त्यातच माझा रक्तदाब वाढू लागल्याने माझे बाळंतपण जोखमीचे ठरवले गेले आहे. गर्भ ठेवण्याचा निर्णय आम्ही दोघांनी विचारपूर्वक घेतला. मी लहानपणापासून श्रद्धाळू आहे. निदान झाल्यापासून रोज प्रार्थना करते, पण दर इकोनंतर डॉक्टर “काही बदल नाही” एवढेच सांगतात आणि मी घरी येऊन रडत बसते. सासूबाई म्हणतात की मनात पूर्ण विश्वास असेल तर बाळ बरे होऊनच जन्माला येईल. शस्त्रक्रियेचा विचारसुद्धा करू नकोस, तो विचार म्हणजेच अविश्वास. नवरा या विषयावर बोलतच नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे का? उरलेले तीन महिने मी वाट तरी कशी पाहू? खरे सांगायचे तर आता बाळाशी बोलायलाही भीती वाटते.’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न उशाशी घेऊन तुम्ही आणखी एकही रात्र काढू नये असे मला वाटते. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. गेल्या सात आठवड्यांत नकळत तुमच्या मनात एक साखळी तयार झाली आहे: आधी प्रार्थना, मग तपासणी, मग ‘बदल नाही’, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष असा की प्रार्थना ऐकली गेली नाही किंवा ती पुरेशा मनापासून झाली नाही. इकोचा अहवाल बाळाच्या हृदयाविषयी सांगतो. आईच्या श्रद्धेविषयी काही सांगण्याची सोय त्यात नाही. ही साखळी तुटावी म्हणून सुरुवात मी डॉक्टरांच्या त्या उत्तरापासूनच करते, कारण त्यांना जे सांगायचे होते ते तुमच्यापर्यंत बहुधा पोहोचलेलेच नाही.

गर्भातले बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू वारेतून, नाळेवाटे मिळतो. त्यामुळे हृदयाच्या दोन बाजूंनी वेगवेगळे काम करण्याची गरज जन्मापूर्वी नसते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक नैसर्गिक छिद्र असते, आणि फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीला महाधमनीशी जोडणारी एक छोटी वाहिनी असते, जिला डॉक्टर डक्टस आर्टेरिओसस म्हणतात. या दोन वाटा उघड्या असल्यामुळे तुमच्या बाळाच्या हृदयाची उजवी बाजू एकटीच सगळ्या शरीराला रक्त पुरवू शकते, आणि म्हणूनच निदान इतके गंभीर असूनही बाळ पोटात वाढते, हालचाल करते, अंग धरते. खरी अडचण जन्मानंतर येते, कारण पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत ती वाहिनी आपोआप मिटू लागते. ती उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाचे औषध शिरेतून सुरू करावे लागते.

आता इकोच्या वेळी काय पाहिले जाते ते लक्षात घ्या. डावी बाजू वाढली का, एवढाच प्रश्न डॉक्टरांपुढे नसतो. उजवा कप्पा जोमाने आकुंचन पावतो आहे का, त्याच्या झडपेतून रक्त उलटे गळते आहे का, वरच्या पडद्यातले छिद्र पुरेसे मोकळे आहे का, बाळाच्या पोटात, छातीत किंवा त्वचेखाली पाणी साठू लागले आहे का, हे सगळे दर वेळी नव्याने तपासले जाते. छिद्राकडे तर विशेष लक्ष असते. ते अरुंद झाले तर फुप्फुसांतून येणाऱ्या रक्ताला वाट उरत नाही, फुप्फुसांना इजा होते आणि बाळ जन्मल्याबरोबर तातडीने उपाय करावे लागतात. यांपैकी काहीही बिघडले असते तर डॉक्टरांनी ‘बदल आहे’ असे सांगितले असते. ज्या उत्तरावर तुम्ही घरी जाऊन रडता, ते उत्तर मिळावे अशी तपासणाऱ्या डॉक्टरांची मनापासून इच्छा असते. हे त्यांनी तुम्हाला उलगडून सांगायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या वेळी तुम्हीच विचारा: उजवा कप्पा कसा आहे, झडप कशी आहे, छिद्र कसे आहे, कुठे पाणी आहे का? चार प्रश्नांची चार उत्तरे घेऊन बाहेर पडलात तर तो दिवस तुम्हाला पूर्वीसारखा रिकामा वाटणार नाही.

त्या खोलीविषयी आणखी थोडे सांगते, कारण अनेक आया तिथेच खचतात. दिवे मंद असतात, पोटावर थंडगार जेल असते, आणि पडद्यावर लाल-निळे रंग उसळत असतात. शाळेतल्या आकृत्यांमुळे निळे म्हणजे अशुद्ध रक्त असे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते, त्यामुळे निळा झोत दिसला की आईच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात इकोमधले हे रंग रक्ताची फक्त दिशा दाखवतात: एरवीच्या मांडणीत यंत्राच्या दांडीकडे येणारे रक्त लाल दिसते आणि दूर जाणारे निळे. तपासणारी व्यक्ती बराच वेळ एकाच जागी थांबते, चित्र गोठवते, दोन बिंदूंमध्ये रेघ ओढते, आकडा नोंदवते आणि पुन्हा तेच करते. मिनिटाला ११० ते १६० वेळा धडधडणारे ते एवढेसे हृदय, त्यात बाळ कूस बदलत असते. अशा वेळी मोजमाप चुकू नये म्हणून ती व्यक्ती गप्प असते. त्या शांततेत वाईट बातमीच दडलेली असते असे नाही. प्रार्थना करायची तर त्याच वेळी करा, पण डोळे पडद्यावर ठेवून निकाल वाचण्याचा प्रयत्न करू नका.

आता सासूबाईंविषयी. त्या जे बोलतात ते मायेपोटी बोलतात याबद्दल मला शंका नाही. नातवंडाच्या छातीवर शस्त्रक्रिया होणार हे त्यांना सोसवत नसेल, आणि त्या विचारापासून दूर राहण्यासाठी त्यांना श्रद्धेचा आधार वाटत असेल. पण त्यांच्या म्हणण्याचा परिणाम असा होतो की बाळाच्या हृदयाचा सगळा भार तुमच्या मनाच्या बळावर येऊन पडतो. म्हणजे बाळ बरे झाले नाही तर दोष आईच्या विश्वासाचा. असा भार कोणत्याही गर्भवतीवर कोणीही टाकू नये, आणि टाकला तर तिने तो घेऊ नये.

या आजाराच्या इतिहासातली एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. १९८० च्या आसपासपर्यंत या निदानाची जवळपास सगळी बाळे जन्मानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दगावत असत. त्यानंतरच्या काही वर्षांत विल्यम नॉरवूड या शल्यविशारदांनी पहिल्या टप्प्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याआधीच्या आयांनी प्रार्थना केली नसेल का? त्यांची श्रद्धा तुमच्यापेक्षा उणी होती असे कोण म्हणू शकेल? त्यांच्याजवळ नव्हती ती शस्त्रक्रिया. ती आता आहे, आणि तिचा लाभ बाळाला मिळण्यासाठी तयारी जन्माच्या आधीच व्हावी लागते. बाळंतपण कुठे होणार, जन्मतः औषध सुरू करण्याची सोय तिथे आहे का, लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करणारे पथक त्याच ठिकाणी आहे की बाळाला हलवावे लागणार, हे आधी ठरलेले असेल तर जन्मानंतरचे मोलाचे तास वाया जात नाहीत. सासूबाई म्हणतात तसे घडले आणि बाळ निरोगी हृदय घेऊन आले, तर या तयारीने कोणाचेही काही बिघडणार नाही. तसे घडले नाही, तर बाळाचा जीव याच तयारीवर अवलंबून असेल.

त्यांच्याशी वाद घालू नका. एवढेच म्हणा, ‘आई, तुमची प्रार्थना मला हवी आहे, ती थांबवू नका. पण शस्त्रक्रियेची तयारी मी करणार आहे, आणि ती करताना मला तुमची साथ हवी आहे.’ जमल्यास त्यांना एकदा डॉक्टरांच्या भेटीला सोबत घेऊन जा. घरातल्या ज्येष्ठ माणसांना सुनेच्या तोंडून ऐकलेले पटत नसले तरी त्यांनी स्वतः प्रश्न विचारून मिळवलेले उत्तर पुष्कळदा पटते.

एका बाबतीत मला तुमच्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. विसाव्या आठवड्यात इतकी लहान राहिलेली डावी बाजू उरलेल्या काळात आपोआप पूर्ण वाढेल अशी अपेक्षा वैद्यकशास्त्र ठेवत नाही, आणि तशी आशा मीही तुम्हाला देणार नाही. शस्त्रक्रियांचे टप्पे साधारणपणे तीन असतात: पहिला जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत, दुसरा चार ते सहा महिन्यांच्या सुमारास आणि तिसरा दोन ते चार वर्षांच्या वयात. त्यांनी हृदय इतरांसारखे होत नाही; एकाच कप्प्याने शरीराला रक्त पुरवावे आणि शरीराकडून परतणारे रक्त सरळ फुप्फुसांकडे जावे अशी नवी व्यवस्था होते. मुलाला आयुष्यभर हृदयतज्ज्ञांच्या देखरेखीखाली राहावे लागते. पहिला टप्पा सर्वांत अवघड असतो आणि सगळी बाळे त्यातून पार पडत नाहीत. तुमच्या रुग्णालयात अशा किती शस्त्रक्रिया होतात आणि त्यांचे परिणाम कसे आहेत हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ते विचारण्यात संकोच नको. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्यातही कोणाचा अवमान होत नाही. जनुकीय तपासणीविषयी बोलणे झाले नसेल तर तेही करून घ्या, कारण हृदयदोषासोबत आणखी काही आहे का हे कळल्यावर पुढचे निर्णय नेमके घेता येतात.

मग देवाजवळ मागायचे काय? हृदय पूर्ण बरे व्हावे असे मागावेसे वाटते तर जरूर मागा. आईने देवाजवळ काय मागावे याला मर्यादा घालणारी मी कोण? मात्र तेवढे एकच मागणे ठेवू नका. ते छिद्र मोकळे राहावे, उजव्या कप्प्याचे बळ टिकावे, माझा रक्तदाब आटोक्यात राहावा, बाळ पूर्ण दिवसांचे आणि चांगल्या वजनाचे होऊन यावे, शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे हात स्थिर असावेत, आणि जे समोर येईल ते पाहण्याचे धैर्य मला मिळावे, असेही मागा. ही मागणी पहिल्या मागणीपेक्षा कमी प्रतीची नाही. तिचा संबंध तुमच्या बाळाच्या आजच्या दिवसाशी आहे आणि ती दर आठवड्याला थोडी थोडी पूर्ण होताना तुम्हाला दिसू शकते.

वाट कशी पाहायची, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तरही इथेच आहे. तुम्ही हे तीन महिने निकालाआधीचा मोकळा काळ समजता, पण तुमच्या बाळासाठी तो तसा नाही. जी बाळे दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाची जन्मतात, त्यांना ही शस्त्रक्रिया अधिक जड जाते. म्हणून पोटात निघालेला प्रत्येक आठवडा बाळाला त्या दिवसासाठी बळ देत असतो, आणि ते बळ आज दुसरे कोणीही देऊ शकत नाही. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे, दाब मोजून लिहून ठेवणे, सांगितलेल्या तपासण्या न चुकवणे, पोटभर जेवणे, झोप येत नसली तरी कुशीवर शांत पडून राहणे ही सगळी कामे दिसायला क्षुल्लक आहेत, पण बाळाच्या उपचाराची सुरुवात त्यांनीच झालेली आहे. तुम्ही वाट पाहत आहात आणि त्याच वेळी काम करत आहात. श्रद्धेने केलेले वाट पाहणे मला तरी असेच दिसते.

काही गोष्टींत मात्र मुळीच वाट पाहू नका. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा धूसर दिसणे, बरगड्यांखाली दुखणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर एकाएकी सूज येणे, धाप लागणे, किंवा बाळाची नेहमीची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणे, यांतले काहीही जाणवले तर दिवस असो की रात्र, त्याच क्षणी रुग्णालय गाठा. ‘सकाळपर्यंत पाहू’ असे कोणी म्हटले तरी ऐकू नका.

पत्रात तुम्ही उघड लिहिलेले नाही, पण ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न तुमच्या मनात असणार. जन्माला येणाऱ्या सुमारे शंभर बाळांपैकी एकाला हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. तुमच्या बाळाचा दोष त्यांतल्या गंभीर प्रकारांपैकी आहे. हृदयाची मूळ घडण गर्भारपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत होते, म्हणजे तिचा बराचसा भाग दिवस राहिल्याचे कळते न कळते तोच होऊन जातो, आणि बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. तुमच्या एखाद्या चुकीचे किंवा कोणाच्या पापाचे हे फळ आहे असे कोणी सुचवले, तर ते बोलणे तिथल्या तिथे थांबवा. या एका बाबतीत मी तुम्हाला समजुतीने घ्या असे सांगणार नाही.

प्रार्थनेला बसल्यावर शब्द सुचत नसतील किंवा देवाचा राग येत असेल, तर तेही श्रद्धेबाहेरचे नाही. ज्याच्याशी नाते असते त्याच्यावरच माणूस रागावतो. रडत, रागावत, गप्प बसून केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच असते, आणि एखाद्या दिवशी ती झालीच नाही म्हणून बाळाचे काही वाईट होत नाही. तुमच्यासाठी प्रार्थना करणारी इतर माणसे आहेत. त्या दिवशी ती त्यांच्यावर सोपवा.

तुमचे यजमान बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा घेऊ नका. ‘तुम्ही बोलत का नाही’ असे विचारल्याने ते आणखी मिटतील. त्यापेक्षा त्यांच्याकडे काम द्या. बाळाचा जन्म झाल्यावर बाळाला अतिदक्षता विभागात नेतील आणि तुम्ही प्रसूती विभागात असाल. त्या वेळी बाळाजवळ राहणारे, डॉक्टरांचे ऐकणारे, संमतीच्या कागदांवर सही करणारे बहुधा तेच असतील. म्हणून आतापासून प्रश्नांची वही त्यांच्या हाती द्या आणि अतिदक्षता विभाग पाहायला दोघे मिळून जा. नळ्या, यंत्रांचे आवाज, उबेच्या पलंगावरचे एवढेसे बाळ हे आधी पाहिलेले असले की जन्माच्या दिवशीचा धक्का थोडा कमी बसतो, आणि तिथून परतताना जे बोलणे होते ते घरात समोरासमोर बसून होत नाही. बाळ शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू शकले नाही किंवा तिच्यातून वाचले नाही तर काय, हेही दोघांनी डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. असे बोलल्याने अशुभ ओढवत नाही. मनात कोंडून ठेवलेली ती भीती उजेडात आली की तिचा आकार तरी कळतो. झोप उडणे, सतत रडू येणे, कशातच मन न लागणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून समुपदेशकाची मदत घ्या. श्रद्धाळू माणसालाही तिची गरज पडू शकते.

आणि बाळाशी बोलायची भीती. जीव लावला आणि उद्या काही झाले तर, या विचाराने तुम्ही स्वतःला आवरून धरता हे मी समजू शकते. पण आवरून धरल्याने उद्याचे दुःख कमी होईल असे मला वाटत नाही, आणि आजचा दिवस मात्र तुमच्या हातून निघून जाईल. या आठवड्यांत बाळाला आवाज ऐकू येऊ लागलेले असतात आणि त्यात तुमचा आवाज सर्वांत जवळचा असतो. नाव ठेवावेसे वाटत असेल तर आत्ताच ठेवा आणि त्या नावाने हाक मारा. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही दिवस बाळाला कदाचित तोंडाने दूध घेता येणार नाही, म्हणून पुढच्या भेटीत स्तनपानाविषयी मार्गदर्शन करणाऱ्या परिचारिकेची वेळ मागून घ्या आणि जन्मानंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला कशी सुरुवात करायची, ते किती वेळाने काढायचे आणि कसे साठवायचे हे आधीच शिकून ठेवा. बाळ नळीवाटे का होईना, तुमचेच दूध घेऊ शकेल.